पाळी लांबते तेव्हा

मायबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या बाप्यांनो,

लग्नाला दोन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की कुजबूज सुरू होते. सासू अंगारा आणते. कोणी दुसऱ्या बायकोची गोष्ट काढतो. पण आत काय बिघडलं, हे कोणी विचारीत नाही.

बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशय असतात. बहुधा दर महिन्याला तिथं एक बीज पिकतं आणि सुटतं. पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी ते सुटतं, आणि जेमतेम एक दिवस टिकतं.

हे बीज पिकवायचा हुकूम येतो वरून. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती आपला रस रक्तात सोडते. असे रस अनेक आहेत. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. पाटाचं पाणी कमीजास्त झालं की पीक बिघडतं ना? तसंच इथं होतं.

तुमच्या पाहण्यातलं सांगते. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी पुष्कळदा महिनोन्महिने येत नाही. दूध आणणारा रस वाढलेला असतो, तो बीज पिकू देत नाही. (त्या भरवशावर मात्र राहू नका. पाळी यायच्या आधीही दिवस जातात!) हाच रस कधी कधी पाजतं मूल नसतानाही वाढतो.

गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की बाई थकते, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते. रक्त तपासलं की हे कळतं. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची.

आणखी एक प्रकार फार दिसतो. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर केस येतात. बीजं अर्धवट वाढून अंडाशयातच राहतात. अशा बाईचं वजन ८० किलो असेल आणि चार-पाच किलो उतरलं, तरी पुष्कळदा पाळी सुधारते. नाही तर बीज सुटायच्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्या.

एकत्र राहून वर्षभरात दिवस गेले नाहीत तर दवाखाना गाठा. बाई ३५ च्या पुढची असेल तर सहाच महिने थांबा. पाळीच लांबत असेल तर तेवढंही नको.

आणि बाप्यांनो, तुम्हीही बरोबर जायचं. पुरुषाच्या बीजातही दोष असतो. ती तपासणी सोपी आहे, दुखत नाही. बाईला औषधं सुरू करण्याआधी ती करून घ्या.

जाताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.