भिंत आणि शिक्षण
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाचे काम पाहताना मला माझी फजिती आठवली. घराच्या भिंतीला मी स्वतःच गिलावा केला. आठवड्यात पोपडे सुटले. गवंडीबुवा म्हणाले, "भाऊसाहेब, भिंत तहानलेली ठेवली, तिनं मालातलं पाणी पिऊन टाकलं." मग त्यांनीच शिकवले : सांधे खरवडावेत, भिंत भिजवावी, वाळू चाळावी, ओळंबा धरावा आणि नंतर किमान 7 दिवस पाणी मारावे. जुन्या चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. तो ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडते.

माझी चूक हसण्यावारी गेली. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. भिंती जाड, पण दगड-मातीच्या. वर माळवदाचे ओझे. भिंतीची दोन्ही अंगे बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. भिंती फाकल्या. आमचे गवंडी कष्टात कमी नव्हते. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. भूकंपानंतर गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले. ते आधी मिळते तर!

आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत गवंडीकामाचे एक वर्षाचे शिक्षण आहे. माझी नम्र विनंती आहे की, देणगीतून काही शिल्लक राहिली, तर गावातील दोन मुलांना त्यासाठी मदत करावी. देऊळ उभे राहिले. आता घरे सांभाळणारे हात तयार व्हावेत.