दुसरा झटका आणि आपली संमती



सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांत अर्धांगवायूचा अनुभव नसलेली घरे विरळाच. पहिल्या झटक्यातून मनुष्य उठतो, काठी टेकीत अंगणात येतो आणि घरची मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. पुढे बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात, तंबाखूची चंची पुन्हा बाहेर निघते, आणि दुसऱ्या झटक्यास वाट मोकळी होते.

तो टाळावा कसा, याचा शोध आपल्या देशातही झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २०१८ साली ३१ केंद्रांत 'स्प्रिंट इंडिया' ही चाचणी सुरू झाली. तीत ४,२९८ रुग्ण सामील झाले. नेहमीचे उपचार सर्वांनाच मिळाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडलेल्या निम्म्यांस शिवाय भ्रमणध्वनीवर संदेश, चित्रफिती व एक पुस्तिका मिळाली. वर्षभराने पाहता नवा झटका, हृदयविकार व मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मग श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. शिकवण मिळालेल्यांत धूम्रपान व मद्य सोडणारे अधिक निघाले. आणि तेवढ्याने भागत नाही, हेही कळले.

आपल्या घरी कोणास अशा चाचणीविषयी विचारले, तर 'आम्ही काय उंदीर आहोत?' म्हणून उठून जाऊ नये. डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणून डोळे मिटून सहीही करू नये. विचारावे: चालू औषधे राहतील ना? नैतिक समितीची मान्यता आहे ना? अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल? संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णास असतो, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

विशेष विनंती अशी की, वडिलांची जीभ जड झाली म्हणून त्यांना समजत नाही असे धरून थोरल्या चिरंजीवाने परस्पर होकार वा नकार देऊ नये. वाचा गेली तरी पुष्कळदा समज शाबूत असते. त्यांना सावकाश सांगावे आणि त्यांच्या मानेच्या होकाराची वाट पाहावी.

चाचणीचा लाभ आपणांस होईलच असे नाही. परंतु रक्तदाब उतरविल्याने दुसरा झटका टळू शकतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीने दाखविले, तीत निरनिराळ्या देशांतील ६,१०५ रुग्ण होते. ती माणसे आपल्या ओळखीची नव्हती, तरी त्यांचे ऋण आपल्यावर आहे.