‘सौम्य’ बळाची परीक्षा



लाठीने हाड मोडते, गोळीने जीव जातो. त्या मानाने मिरचीचा फवारा सौम्य, अशा समर्थनासह हे साधन अनेक देशांच्या पोलिसांच्या हाती आले. ही सौम्यता फवारणाऱ्याने ठरवायची की सोसणाऱ्याने, हा खरा प्रश्न आहे.

मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे या फवाऱ्यातील मुख्य द्रव्य. शरीर पोळल्याची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंनाच ते चेतवते. म्हणून प्रत्यक्ष न भाजताही भाजल्याच्या वेदना होतात. पापण्या आपोआप मिटतात, डोळ्यांना धारा लागतात, खोकल्याची उबळ येते, श्वास कोंडतो. निरोगी माणसाचे डोळे बहुधा तासाभरात निवळतात. कातडीची आग मात्र काही तास टिकू शकते. याच काळात बुबुळावरील पारदर्शक पडद्याची संवेदना बोथट होते आणि डोळे चोळल्याने त्यावर ओरखडे पडले तरी ते चटकन कळत नाहीत. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसल्या, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

उपचार साधा आहे : मोकळी हवा, भरपूर पाणी, कातडीला साबण, भिजलेले कपडे उतरवणे आणि डोळे न चोळणे. परंतु हात जखडलेल्या, कोठडीत कोंडलेल्या माणसाला यांतले काय साधेल? इजा किती होणार, हे द्रव्याच्या मात्रेइतकेच माणसाच्या मोकळेपणावरही अवलंबून असते.

१८ नोव्हेंबर २०११ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आवारात हातांत हात गुंफून शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसाने जवळून फवारा मारला. हा प्रकार टाळता आला असता व टाळायलाच हवा होता, असा निष्कर्ष २०१२ मध्ये चौकशी पथकाने काढला. विद्यापीठाला भरपाईही द्यावी लागली.

१९९७ साली अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने अशी द्रव्ये रणांगणावर वापरण्यास मनाई केली आहे. देशांतर्गत बंदोबस्तासाठी मात्र मुभा ठेवली आहे. भारतही या करारात सामील आहे. शत्रूच्या सैनिकाला मिळणारे संरक्षण स्वतःच्या नागरिकाला नाकारणारी ही विसंगती लोकशाहीला शोभणारी नाही.

म्हणूनच मागणी स्पष्ट हवी : बसलेल्या वा जखडलेल्या माणसावर फवारा नको, प्रत्येक वापराची लेखी नोंद हवी, आणि ज्याने फवारा मारला, त्याच्यावरच तत्काळ पाणी व वैद्यकीय मदत पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी हवी.