घरच्या यंत्रातील आगंतुक



संगणकशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर व सरकारी नोकर. तथापि ठेच लागलेली आहे. गतवर्षी गुढियारीतील आमच्या घरी भ्रमणध्वनीवर नागपूरच्या आप्तांच्या नावे लग्नपत्रिका आली. परमुलखात गावाकडची पत्रिका म्हणजे अप्रूपच! सौभाग्यवतींनी लगबगीने उघडली. परंतु तिच्या शेपटास ‘एपीके’ ही अक्षरे होती. म्हणजे ती पत्रिका नव्हे, प्रोग्रामच होता. असा प्रोग्राम यंत्रात बसला, की लघुसंदेश वाचतो, बँकेचा ओटीपी पळवितो. चिरंजीवांनी तत्काळ इंटरनेट बंद केले, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळविले, पैसे वाचले. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, लाजू नये. आप्तही निर्दोषच, त्यांचा फोन आधी बाधला होता.

जून २०१७ मध्ये न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक-विषाणूने ठप्प झाले. तेथे आपली काय कथा! विषाणूनाशक अवश्य ठेवावे (या व्यवसायात पुण्याच्या काटकर बंधूंनी नाव काढले, याचा आम्हांस अभिमान वाटतो). केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने तर विनामूल्य आहेत. मात्र खंडणीखोर विषाणूने फायली एकदा कुलूपबंद केल्या, की विषाणूनाशकाने त्या उघडत नाहीत. म्हणून आईची जुनी छायाचित्रे आम्ही वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरविली आहेत. प्रत होताच डिस्क काढून घ्यावी. जोडलेली राहिली, तर तीही सापडते. आमची कपाटात, आईच्या पैठणीखाली असते.