नागरी ब्रॉडबँड : चॅटनूगा ते केरळ

पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि पथदिवे ही नगरपालिकेची कामे आहेत, याविषयी सहसा वाद होत नाही. इंटरनेटची जोडणी या यादीत बसते काय, हा प्रश्न मात्र अमेरिकेत थेट न्यायालयापर्यंत गेला. टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

तेथील वीजवितरण 1930 च्या दशकापासून इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड या नगराच्या मालकीच्या मंडळाकडे आहे. वितरणजाळ्यावर हजाराहून अधिक स्वयंचलित स्विच बसवावेत, ते ऑप्टिकल फायबरने जोडावेत आणि वादळात बिघडलेला भाग आपोआप वेगळा काढावा, अशी योजना मंडळाने आखली. फायबर खांबाखांबापर्यंत जाणारच असेल, तर ते घरात नेण्याचा जादा खर्च तुलनेने थोडा, हा साधा हिशेब त्यामागे होता. सुमारे 22 कोटी डॉलरचे कर्जरोखे उभारण्यात आले आणि 2009 च्या केंद्रीय आर्थिक उत्तेजन कार्यक्रमातून सुमारे 11 कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. सप्टेंबर 2010 मध्ये मंडळाने आपल्या क्षेत्रातील सर्व ग्राहकांना सेकंदाला 1 गिगाबिट वेगाची सेवा देऊ केली. प्रारंभीचा दर दरमहा 350 डॉलर होता. पुढे तो 70 डॉलरपर्यंत खाली आला.

खाजगी कंपन्यांनी त्याआधीच न्यायालयात धाव घेतली होती. 2008 मध्ये कॉमकास्टने दावा दाखल केला. वीजग्राहकांचा पैसा इंटरनेट व्यवसायाकडे वळविला जाईल, हा आक्षेप होता. दावा टिकला नाही. परंतु आक्षेप सर्वस्वी पोकळ होता असेही नव्हे. खांबांची मालकी, करसवलतीचे स्वस्त कर्ज आणि स्पर्धकाची भूमिका एकाच हाती आल्यास स्पर्धा समान कशी राहणार? दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या वस्तीत एकच कंपनी तार टाकते, तेथे ग्राहकाला निवड कोठे असते? तारांचे जाळे हा नैसर्गिक मक्तेदारीकडे झुकणारा व्यवसाय आहे, ही अर्थशास्त्रातील जुनी गोष्ट येथे विसरून चालत नाही.

टेनेसीच्या कायद्यानुसार मंडळाला आपल्या वीजक्षेत्राबाहेर ही सेवा देता येत नाही. उत्तर कॅरोलिनातील विल्सन या शहराच्या सेवेवर 2011 च्या कायद्याने अशीच बंधने आली. फेब्रुवारी 2015 मध्ये संघीय दळणवळण आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी ही बंधने दूर केली. ऑगस्ट 2016 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नसल्याचा निर्णय दिला. याचा फटका बसला तो पाइनटॉप्स या छोट्या गावाला. विल्सनची सेवा तेथे नुकतीच पोहोचली होती. 2017 मध्ये राज्याने सवलत दिली, पण खाजगी पुरवठादार येईपर्यंतच.

यशाबरोबर अपयशाचाही दाखला हवा. युटा राज्यातील प्रोव्हो शहराने सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर कर्ज काढून जाळे उभारले. ग्राहक अपेक्षेइतके मिळाले नाहीत, विक्रीचा एक प्रयत्न फसला आणि 2013 मध्ये ते जाळे गूगलला 1 डॉलरला देण्यात आले. कर्जाची परतफेड नागरिकांकडेच राहिली.

स्टॉकहोमने 1994 मध्ये निराळा मार्ग निवडला. स्टोकॅब ही नगराच्या मालकीची कंपनी केवळ फायबर टाकते आणि ते सर्व पुरवठादारांना भाड्याने देते. घरगुती ग्राहकाला इंटरनेट विकण्याच्या फंदात ती पडत नाही. परीक्षेच्या दृष्टीने 'खुली उपलब्धता' ही संकल्पना समजून घेण्यास याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

भारतात 2011 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची, म्हणजेच पुढील भारतनेटची, कल्पना याच धर्तीची होती : ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी फायबर आणि त्यावर भेदभावाविना सर्वांना प्रवेश. केरळ मात्र चॅटनूगाच्या अधिक जवळ जातो. 5 जून 2023 रोजी उद्घाटन झालेल्या के-फोन या प्रकल्पात राज्य वीज मंडळ भागीदार असून त्याच्याच खांबांवरून फायबर नेण्यात आले आहे. 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे त्याचे घोषित उद्दिष्ट. तो भार पेलण्यासाठी पैसे देणारे ग्राहक खाजगी कंपन्यांशी स्पर्धा करूनच मिळवावे लागणार आहेत.