देव आपला, निर्णय तिचा

हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या.

आजचा विषय थोडा नाजूक आहे. सल्ला देणाऱ्या बाईचा धर्म एक सांगतो आणि तिचं काम दुसरंच सांगतं, तेव्हा तिने काय करावं?

सल्ला देणारी म्हणजे दवाखान्यातली समुपदेशक ताई. आशाताई. पोलीस ठाण्यात बायकांची तक्रार ऐकणारी ताई. आणि बचत गटातली ती एक बाई, जिच्याकडे सगळ्या जणी मन मोकळं करायला जातात. या सगळ्यांना आपापला देव आहे. कोणी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाते, कोणी हिरव्याला आणि वाघ्याला मानते, कोणी रविवारी चर्चमध्ये जाते, कोणी रोजे धरते. कामावर येताना देव घरी ठेवून या, असं कोणी म्हणू नये. म्हटलं तरी ते होत नाही.

अडचण कुठे येते ते बघू.

समजा, पाड्यावरची एक बाई आली. तीन लेकरं आहेत, तांबी बसवलेली होती तरी दिवस गेले. आठवा आठवडा चालू आहे. तिला हे मूल नको आहे. समोरच्या ताईच्या धर्मात गर्भपात म्हणजे पाप. ताई रागावत नाही, खोटंही बोलत नाही. फक्त म्हणते, "देवाने दिलंय, जरा विचार कर, पुढच्या महिन्यात ये." बाई गुमान परत जाते.

आता हिशोब करा. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. पुढे पिशवी साफ करावी लागते. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ मध्ये बदल झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं, आणि तेही ठराविक कारणांसाठीच. म्हणजे "पुढच्या महिन्यात ये" हा शब्द गोड असला, तरी त्याने बाईचा सोपा रस्ता बंद झाला. निर्णय तिचा होता, तो ताईने घेतला. आणि तिला कळलंसुद्धा नाही.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही लागत नाही. आणि तिचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे.

दुसरं उदाहरण घ्या. आपल्याकडे कित्येक वारली जोडपी आधी एकत्र राहतात. लग्नाचा खर्च जमला की मग धवलेरी येते, लगीन लागतं. तोवर पदरात लेकरंही असतात. अशा घरातल्या बाईला मार बसला आणि ती तक्रार घेऊन गेली. समोरची ताई म्हणाली, "तुमचं तर लग्नच झालेलं नाही, आधी ते करा." ताईच्या धर्मात ते बरोबर असेल. पण घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. ती आली होती मार थांबवायला. लग्नाबद्दल तिने विचारलंच नव्हतं.

आता उलट बाजू. देव न मानणारी ताईसुद्धा अशीच वागू शकते. एका बाईला महिनोन् महिने झोप नाही, सारखं रडू येतं. ती म्हणते, भगताकडे जाऊन आले. ताई हसते, "अजून भगत-बिगत मानता?" बाई उठून जाते आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. हाही आपला विचार दुसऱ्यावर लादणंच झालं. तिला असं सांगता येतं: "भगताकडे जाता तर जा, पण डॉक्टरांची गोळी बंद करू नका." मात्र भूत काढायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हे २०१३ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हे आहेत. तिथे ताईने गप्प बसायचं नाही.

मनाच्या आजाराबद्दल २०१७ चा कायदा एक मोठी गोष्ट सांगतो. समाजाच्या रीतीप्रमाणे किंवा धर्माप्रमाणे कोणी वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. एखाद्या मुलीचं मन मुलीवरच जडलं, तर तिला "बरं करतो" म्हणून उपचार करणं चालत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं.

हा झगडा आजचा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. महर्षी कर्व्यांचे ते चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं, तिथल्या लोकांना हे पटलं नाही. कर्व्यांनी नोकरी सोडली, सल्ला सोडला नाही. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शंभर वर्षांपूर्वी अशी माहिती मिळवायला बाईला मुंबईतलं ते एक दार शोधावं लागत होतं. आज ती माहिती तिचा हक्क आहे.

मग ताईच्या मनाचं काय? तिला खरंच जड जात असेल तर? त्यालाही वाट आहे.

एक, पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावं: "या कामात मी मदत करू शकत नाही, पण ही दुसरी ताई करेल." दोन, नुसतं नाव सांगून सोडू नये. फोन लावून द्यावा, दवाखान्याचा वार सांगावा, शक्य तर सोबत कोणाला तरी पाठवावं. तीन, माहिती पूर्ण द्यावी, पापपुण्य त्यात मिसळू नये. चार, जीव धोक्यात असेल आणि दुसरं कोणी जवळ नसेल, तर आधी मदत, मन नंतर.

आणि प्रत्येक नकार धर्माचाच असतो असंही नाही. मुलगी आहे का बघून द्या म्हटलं, तर नाहीच म्हणायचं. तो गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत कायद्याने कळवावं लागतं, हेही तिला बोलायच्या आधी सांगायचं. विश्वासाने सगळं बोलून झाल्यावर सांगितलं, तर तिला फसवल्यासारखं वाटतं.

आता सल्ला घेणाऱ्या बायांसाठी. ताईला विचारायला भिऊ नका: "माझ्यापुढे सगळे मिळून रस्ते किती? तुम्ही सांगताय ते कायद्याचं की तुमच्या मनाचं? तुम्हाला जमत नसेल तर मी कोणाकडे जाऊ?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. मन अस्वस्थ असेल तर १४४१६ वर फोन करा. मारहाण असेल तर १८१.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयावर बोला. आपल्या पाड्यात बायका मन मोकळं करायला कोणाकडे जातात? ती बाई नाही म्हणाली, तर दुसरं दार कोणतं? ते दार आजच ठरवून ठेवा. वेळ आल्यावर शोधायला गेलं की आठवडे निघून जातात.

येते मी. नमस्कार.