ठुशीला मोकळा गळा हवा



आजीची ठुशी कपाटात आहे ना?
ती बाहेर काढा.

बारीक सोनेरी मण्यांची, गळ्यालगत बसणारी ही माळ.
मागच्या दोरीने ती सैल करता येते, घट्टही.
म्हणून आजीची ठुशी नातीलाही बसते.

तिच्यासोबत काय घालायचं?
एकरंगी सुती साडी.
किंवा खादीचा कुडता, पण गळा मोठा हवा.
कॉलरखाली ठुशी हरवते.

आणि गळ्यात दागिना एकच.
साज, मोहनमाळ आज राहू दे.
कानात छोट्या कुड्या पुरेत.
मला तर वाटतं, नथही लग्नकार्यासाठी ठेवावी.

पुन्हा सांगते,
कपडा साधा, दागिना एकच.

आता निगेबद्दल.
जुन्या मण्यांत अनेकदा लाख भरलेली असते.
तिला उष्णता सोसत नाही.
ठुशी गरम पाण्यात घालू नका, मऊ कापडाने पुसा.
दोरी विरली असेल, तर घालण्याआधी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.